‘एस’ काढायचा की कोपर वर ठेवायचं?

सकाळी सहाच्या बॅचला आमच्या पोहण्याच्या टँकवर दोन कोच असतात. फ्रीस्टाईल पोहताना पाण्याखाली हात कसा ओढायचा, यावर दोघांचं जमत नाही. थोरले काठावर उभे राहून हवेत हाताने इंग्रजी ‘एस’ काढून दाखवतात: हात बाहेर, मग पोटाखाली आत, मग मांडीपाशी बाहेर. धाकटे पलीकडच्या लेनवरून ओरडतात, “काका, एस-बीस विसरा, कोपर वर ठेवा!” महिनाभर दोघांचंही ऐकलं आणि खांदा धरून बसलो. दोघंही आपापल्या काळात शिकले तेच सांगताहेत, हे नंतर लक्षात आलं.

पुण्यात माझ्या वयाचे बरेच जण सुट्टीत गावच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा, मामाने काठावरून दिलेला धक्का, आणि मान कायम पाण्याबाहेर. मान वर गेली की कंबर बुडते आणि पाणी ढकलण्यातच निम्मं बळ जातं. पण विहिरीत कुणाला घाई असते?

घाई युरोपातही नव्हती. तिथे मान वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखं पोहणं, हीच सभ्य पद्धत. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन मूळ रहिवाशांनी हात पाण्याबाहेरून फिरवत पोहून दाखवलं, तर बघणाऱ्यांना ते पवनचक्कीसारखं, रानटी वाटलं. इंग्रज ब्रेस्टस्ट्रोकच पोहत राहिले. १८७३च्या सुमारास जॉन ट्रजनने दक्षिण अमेरिकेत पाहिलेले तसेच हात इंग्लंडच्या शर्यतीत मारले, पाय मात्र कात्रीसारखे. पाय वरखाली मारायची किक आली ती पॅसिफिकमधून. सॉलोमन बेटांवरचा अ‍ॅलिक विकहॅम सिडनीत तसा पोहायचा. कॅव्हिल भावंडांनी ती किक उचलली आणि १९०२मध्ये डिक कॅव्हिलने १०० यार्ड मिनिटाच्या आत पार केले. हा झाला ‘क्रॉल’. नियमाप्रमाणे फ्रीस्टाईल म्हणजे हवं तसं पोहा. क्रॉलइतकं वेगवान दुसरं काही नाही म्हणून सगळे तेच पोहतात, इतकंच. १९२२मध्ये जॉनी वाइसमुलरने १०० मीटर ५८.६ सेकंदांत काढले, तेही डोकं बरंच वर ठेवून!

आता थोरल्या कोचचा ‘एस’. अमेरिकन प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी पाण्याखाली कॅमेरा लावून अव्वल जलतरणपटूंचे हात पाहिले. हात सरळ मागे न जाता नागमोडी जात होते. विमानाच्या पंखाला मिळते तशी उचल तळहाताला मिळत असावी, असा अर्थ त्यांनी १९७०च्या आसपास लावला. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदकं जिंकली. मग काय, जगभर ‘एस’ शिकवला जाऊ लागला.

पुढच्या अभ्यासांनी ते गणित बदललं. पोहताना अंग कुशीवर वळतं, त्यामुळे हाताची वाट वाकडी दिसते. पुढे नेणारा जोर मुख्यतः पाणी मागे ढकलण्यातून येतो. म्हणून धाकटे म्हणतात ते कोपर: हात पुढे घातल्यावर कोपर वरच ठेवून मनगट खाली वळवायचं, म्हणजे नुसता तळवा नाही, कोपरापासूनचा सगळा हात वल्ह्यासारखा पाण्याला भिडतो. कोपर आधी खाली पडलं की हात पाण्यातून निसटतो. माझा तसाच निसटतो.

१९७२चा विषय निघाला की मला म्युनिकपेक्षा हायडेलबर्ग आठवतं. तिथल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण मुरलीकांत पेटकरांनी जिंकलं, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि उपचार म्हणून पाण्यात उतरला; नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली. एवढ्या वर्षांनी, २०१८मध्ये, पद्मश्री मिळाली.

परवा हे सगळं पुराण थोरल्या कोचना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. आधी मान खाली घाल.”