चेनसॉ उलटी का उसळते?

एका हाताने चेनसॉ चालवून ओंडका कापणाऱ्या माणसाचा व्हिडिओ परवा पाहिला. खाली कौतुकाचा पाऊस, ‘मनगटात दम लागतो!’ दमाचा इथे काडीचाही संबंध नाही.

चेनसॉच्या लांब पट्टीला बार म्हणतात. तिच्याभोवती दात्यांची साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने फिरते. बारच्या खालच्या कडेला साखळी आपल्याकडे धावते, म्हणून लाकडाला टेकताच यंत्र पुढे ओढलं जातं. वरच्या कडेने कापलं, तर ते आपल्या अंगावर रेटलं जातं. न्यूटनचा तिसरा नियम. पण हे बळ बारच्या रेषेतच असतं, त्यामुळे नीट उभं राहिलं तर हातांना पेलतं.

खरी गोम आहे बारच्या गोल टोकाच्या वरच्या अर्ध्या भागात. प्रत्येक दात्याच्या पुढे एक बुटका खुंट असतो. तो दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटरने खाली असतो आणि दात्याला तेवढाच घास घेऊ देतो. टोकाच्या वळणावर मात्र कडी तिरकी होते, खुंट आत दबतो आणि दात्याची धार बाहेर येते. दाता झेपणार नाही एवढा घास घेतो आणि अडकतो. साखळी तिथे पुढे आणि खाली जात असते, म्हणून लाकूड बारला मागे आणि वर ढकलतं. या बळाची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्यातून जात नाही, त्यामुळे परिबल, म्हणजे फिरवणारा जोर, तयार होतं. सगळं यंत्र गर्रकन फिरतं आणि बार थेट चेहऱ्याकडे येतो.

याला लागतो सेकंदाचा सुमारे दहावा भाग. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला त्याच्या निदान दुप्पट वेळ लागतो. ‘झाडाचा शाप’, ‘नशीब खोटं’ असलं काही म्हणण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

झाड पाडताना हे बहुधा मागे लपलेल्या फांदीला टोक लागल्यामुळे होतं. टोक खोडात खुपसून कापायचं असेल, तर सुरुवात टोकाच्या खालच्या अर्ध्या भागाने करतात. 

यावरचा तोडगा मला फार आवडतो. पुढच्या मुठीसमोर जो आडवा दांडा असतो, तो नुसता हाताच्या रक्षणासाठी नाही. यंत्र झटक्यात उसळलं की जडत्वामुळे दांडा मागे राहतो, बस अचानक सुटल्यावर आपण राहतो तसाच. तेवढ्याने स्प्रिंग सुटते आणि साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जातो. साखळी थांबते. बारची उसळी मात्र ब्रेकने थांबत नाही. त्यासाठी दोन्ही हात मुठींवर, डावा अंगठा मुठीखालून पक्का वळवलेला, आणि डोकं बारच्या रेषेतून बाजूला हवं. व्हिडिओतल्या गड्याचा डावा हात खिशात होता.