मत पोहोचेपर्यंत उमेदवार ठरलेला असतो: अमेरिकेतल्या प्रायमरींची पार्श्वभूमी

२०२४ साली १२ मार्चच्या रात्री जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प या दोघांनीही आपापल्या पक्षाच्या उमेदवारीसाठी लागणारं, राष्ट्रीय अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींचं बहुमत गाठलं. न्यू जर्सीतल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत वेगवेगळ्या दिवशी होणाऱ्या मतदानाची, पाळी आली ४ जूनला. एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टनच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी नागरिकांनी त्या दिवशी मतपत्रिका हातात घेतली, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदापुरता तिच्यात ठरवण्याजोगा प्रश्न उरला नव्हता. ‘आमच्यापर्यंत येईतो सगळं ठरलेलं असतं’ ही तिथल्या सामान्य मतदाराची जुनी तक्रार आहे. ती खरी आहे आणि तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या पक्षांनी उमेदवार निवडण्याचा हक्क मतदाराला कधीही आपणहून दिलेला नाही. दर वेळी पक्षाची भर चौकात नाचक्की झाली, तेव्हाच तो थोडा थोडा सुटत गेला.

मुळात अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. पक्षच नाहीत, तर उमेदवारी कशी द्यायची याचा नियम कुठून असणार? ही पोकळी १८०० च्या सुमारास काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या, सदस्यांनी भरून काढली. एका पक्षाचे खासदार बंद दाराआड बसत आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत. या बैठकीला कॉकस म्हणत. १८२४ मध्ये ही पद्धत कोसळली. त्या वर्षी विल्यम क्रॉफर्ड यांना उमेदवारी देणाऱ्या बैठकीला जेमतेम पाव सदस्य हजर होते. निवडणुकीत क्रॉफर्ड मागे पडले, अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक मतं मिळाली, पण कोणालाच बहुमत नसल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि त्यानं जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना राष्ट्राध्यक्ष केलं. लोकांचा कौल डावलला गेल्याचा संताप जॅक्सन यांच्या समर्थकांनी पुढची चार वर्षं तेवत ठेवला. त्यानंतर खासदारांनी उमेदवार ठरवण्याची भाषा पुन्हा कोणी केली नाही.

कॉकसची जागा पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांनी घेतली. पहिलं असं अधिवेशन १८३१ साली बाल्टिमोरमध्ये भरवलं ते अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षानं. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षानं तोच रस्ता धरला. राज्याराज्यांतून प्रतिनिधी येणार आणि ते उमेदवार निवडणार, ही कल्पना कागदावर लोकशाहीचीच होती. पण ते प्रतिनिधी कोण निवडतो, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या संघटनांच्या हाती शहरातल्या नोकऱ्या, कंत्राटं आणि वॉर्डातले कार्यकर्ते होते. अधिवेशनाला जाणारी माणसंही त्यांचीच असत. आपल्याकडे एबी फॉर्मच्या शेवटच्या रात्री काय चालतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही.

या व्यवस्थेला पहिला जोरदार धक्का विस्कॉन्सिनमधून बसला. तिथं रेल्वे आणि लाकूड कंपन्यांचं वजन मोठं होतं. रिपब्लिकन पक्षाचे रॉबर्ट ला फॉलेट यांना १८९६ आणि १८९८ मध्ये राज्याच्या अधिवेशनानं गव्हर्नरपदाची उमेदवारी नाकारली. प्रतिनिधी विकत घेतले गेले, असा त्यांच्या बाजूचा आरोप होता. ला फॉलेट गावोगावच्या जत्रांमध्ये जाऊन एकच गोष्ट सांगत राहिले: अधिवेशन बंद करा, उमेदवार मतदारालाच निवडू द्या. १९०० साली ते गव्हर्नर झाले, १९०३ मध्ये थेट प्रायमरीचा कायदा विधिमंडळात संमत झाला आणि १९०४ च्या सार्वमतात लोकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. पक्षाच्या घरातला निर्णय सरकारी मतपेटीत, सरकारी देखरेखीखाली आणला गेला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी पाऊल हेच. पक्ष ही खासगी मंडळी नाही, ती सार्वजनिक सत्तेचं दार राखते, म्हणून त्या दारावर लोकांचा हक्क आहे, हा विचार त्यात होता.

राष्ट्राध्यक्षपदाच्या पातळीवर या विचाराची परीक्षा १९१२ मध्ये झाली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे आपल्याच पक्षाचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्याविरुद्ध उभे राहिले. डझनभर राज्यांत प्रायमरी झाल्या आणि बहुतेक ठिकाणी रूझवेल्ट जिंकले. टाफ्ट यांच्या स्वतःच्या ओहायोतही रूझवेल्टच पुढे होते. पण शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हाती होती. ज्या जागांवर दोन्ही गट हक्क सांगत होते, त्यांपैकी बहुतेक टाफ्ट गटाला बहाल करण्यात आल्या. रूझवेल्ट बंडखोरी करून बाहेर पडले, त्यांनी नवा पक्ष काढला आणि मतं फुटून वुड्रो विल्सन निवडून आले. सत्तेवर असलेले टाफ्ट अवघ्या दोन राज्यांत जिंकून तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. मतदारांचं मत घ्यायचं आणि नंतर बाजूला ठेवायचं, याची एवढी जबर किंमत क्वचितच कोणत्या पक्षानं मोजली असेल.

तरीही पुढची पन्नास वर्षं प्रायमरी बहुतांशी शोभेच्याच राहिल्या. १९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरेपर्यंत मतदानाच्या १०३ फेऱ्या झाल्या. १९५२ मध्ये सिनेटर एस्टीस केफॉव्हर यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना हरवलं, पुढे बहुतेक प्रायमरी जिंकल्या, आणि उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना. १९६० मध्ये जॉन केनेडी वेस्ट व्हर्जिनियात जिंकले, तेव्हा त्या विजयाचा उपयोग एवढाच होता की प्रॉटेस्टंट मतदार कॅथलिक माणसाला मत देतात हे पक्षाच्या बड्या नेत्यांना दाखवता आलं. निर्णय त्या नेत्यांचाच होता.

इथं थांबून दक्षिणेकडच्या राज्यांकडे पाहायला हवं, कारण प्रायमरीचा इतिहास सांगताना हा भाग फार वेळा वगळला जातो. टेक्सासमध्ये त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचं असं एकछत्री राज्य होतं की नोव्हेंबरची निवडणूक ही औपचारिकता असे. खरी निवडणूक म्हणजे पक्षाची प्रायमरी, आणि तिच्यात कृष्णवर्णीयांना मज्जाव. १९२३ मध्ये तसा कायदाच करण्यात आला. एल पासो शहरातले डॉक्टर लॉरेन्स निक्सन कोर्टात गेले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. मग पक्षानं पवित्रा बदलला: आम्ही खासगी संघटना आहोत, कोणाला सभासद करायचं ते आम्ही ठरवू. १९३५ मध्ये न्यायालयानं हा युक्तिवाद मान्यही केला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात १९४४ साली तो निर्णय फिरवला गेला. ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ या नावानं तो खटला ओळखला जातो. स्मिथ यांची बाजू मांडणाऱ्यांत थरगुड मार्शल होते, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. उमेदवार निवडणं हा निवडणुकीचाच भाग आहे, त्यामुळे तिथंही वर्णभेद चालणार नाही, असं न्यायालयानं बजावलं. ज्या प्रायमरीनं विस्कॉन्सिनमध्ये दार उघडलं, तीच टेक्सासमध्ये दाराला कुलूप घालायच्या कामी आली होती. साधन चांगलं आहे एवढ्यानं भागत नाही, आत कोणाला घेतलं जातं हे पाहावंच लागतं.

कुलूप निघालं तरी पहारा उठला नव्हता. १९६४ मध्ये मिसिसिपीतून सगळे गोरे प्रतिनिधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनाला आले. त्यांना आव्हान द्यायला ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ तिथं पोहोचली. कापसाच्या मळ्यात राबलेल्या फॅनी लू हेमर यांनी, मतदारनोंदणीच्या कामासाठी आपल्याला तुरुंगात कशी मारहाण झाली, हे समितीपुढे सांगितलं. दूरचित्रवाणीवर ते थेट दिसत होतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं स्वतःची पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले, पण संध्याकाळच्या बातम्यांत हेमर यांचं बोलणं देशभर ऐकलं गेलं. त्यांच्या गटाला दोन जागा देऊ करण्यात आल्या. त्यांनी त्या नाकारल्या. मला या एका नकाराचं मोल फार वाटतं. चार वर्षांनी जे घडलं, त्याची जमीन इथं नांगरली गेली होती.

१९६८. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं. युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मतं घेतली. जॉन्सन तिथं जिंकले, पण राष्ट्राध्यक्षाला पक्षातूनच एवढा विरोध झाला हाच पराभव मानला गेला. ३१ मार्चला त्यांनी माघार घेतली. रॉबर्ट केनेडी त्याआधीच रिंगणात आले होते; जूनमध्ये ते कॅलिफोर्निया जिंकले आणि त्याच रात्री त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोत अधिवेशन भरलं. बाहेर रस्त्यावर महापौर डेली यांचे पोलीस युद्धविरोधी तरुणांना झोडपत होते आणि आत उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी मिळत होती. हम्फ्री एकाही राज्यात प्रायमरीला सामोरे गेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये ते रिचर्ड निक्सन यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले.

या नाचक्कीनंतर पक्षानं सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. पुढे डोनाल्ड फ्रेझर यांनी त्याची सूत्रं घेतली. प्रतिनिधींची निवड उघडपणे, आधी जाहीर केलेल्या नियमांनी आणि सामान्य सदस्यांच्या सहभागानं व्हावी, अशी अट आयोगानं घातली. हे नियम पाळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रायमरी, म्हणून एकामागून एक राज्यांनी तसे कायदे केले. राज्याचा कायदा दोन्ही पक्षांना लागू होत असल्यामुळे रिपब्लिकनही त्याच वाटेनं गेले. आज जी पद्धत अनादी असल्यासारखी वाटते, ती खरं तर १९७२ पासूनची आहे. त्याच वर्षी आयोवाचं कॉकस (आता खासदारांची नव्हे, तर गावोगावच्या पक्षसमर्थकांची बैठक) सर्वांत आधी आलं, आणि १९७६ मध्ये देशाला फारसे ठाऊक नसलेले जिमी कार्टर तिथल्या यशाच्या बळावर पुढे आले.

तेव्हापासून वाद तारखांचा झाला. न्यू हॅम्पशायरनं आपली प्रायमरी सर्वांत पहिली राहील असा कायदाच केला आहे. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडानं ठरलेल्या वेळेआधी मतदान घेतलं, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षानं सुरुवातीला त्यांचे सगळे प्रतिनिधी बाद केले. दुसरीकडे नेत्यांनीही पाय रोवून ठेवले होते. १९८४ पासून पक्षाचे खासदार, गव्हर्नर आणि पदाधिकारी ‘सुपरडेलिगेट’ म्हणून मतदारांच्या कौलाला न बांधता मत देऊ लागले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी यावर रान उठवलं आणि २०१८ मध्ये, चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटनी मत द्यायचं नाही, असा नियम झाला. त्याच २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात १७ उमेदवार उतरले होते. प्रायमरींतली निम्म्याहून कमी मतं मिळवून ट्रम्प उमेदवार झाले. मतं विभागली की काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

याचं एक उदाहरण आपल्या माणसाचंही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घालूनही ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या गर्दीत त्यांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढी पुरली, कारण तिथं डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजे जवळपास विजयच. एका मराठी माणसाची ही झेप अभिमानाची आहे. पण बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला १९५५ नंतर पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या मतदाराला त्याची चुटपुट लागली असेल तर तीही समजून घ्यायला हवी.

आपल्याकडे हा प्रयोग एकदाच थोडाफार झाला. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतल्या, महाराष्ट्रात त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात कौल मिळाला तो तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांना. मत द्यायचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरता होता, सामान्य मतदार बाहेरच राहिला. म्हणजे विस्कॉन्सिनच्या आधीची गोष्ट.

२०२४ मध्ये मिशिगनच्या प्रायमरीत एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर बायडन यांच्याऐवजी ‘अनकमिटेड’, म्हणजे कोणत्याही उमेदवाराला न बांधलेल्या, पर्यायावर खूण केली. जुलैत बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या, त्या वर्षी एकही प्रायमरी न लढता. पर्याय शोधायला वेळ नव्हता हे मान्य. पण मतदारांची नाराजी फेब्रुवारीतच मतपेटीतून दिसत होती आणि ती ऐकायला पक्षाकडे पाच महिने होते.

नियम बदलायची भूक मात्र वाटते तेवढी सरसकट नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, साउथ डकोटा, अ‍ॅरिझोना आणि मोंटाना या राज्यांत प्रायमरी पक्षाच्या चौकटीतून काढून सर्व मतदारांना एकाच यादीतून निवड करू देण्याचे प्रस्ताव सार्वमताला आले. सहाही ठिकाणी मतदारांनी ते फेटाळले. अलास्कानं अशी पद्धत २०२० मध्ये स्वीकारली होती. ती रद्द करण्याचा प्रस्ताव तिथं पडला, पण हजाराहूनही कमी मतांच्या फरकानं.