कुंपणाच्या आतले रान : रहिवाशांच्या निसर्ग मंडळांची पार्श्वभूमी

वसाहतीतल्या दहा-वीस घरांनी एकत्र येऊन आसपासचे पक्षी, फुलपाखरे, साप, खारी यांच्या नोंदी ठेवायच्या, त्यांची झाडे आणि घरटी जपायची, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही गोष्ट इथवर यायला दोनशे वर्षे लागली, आणि त्यातली बरीच वर्षे निसर्गाची आवड असलेल्या माणसाच्या हातात बंदूक असे.

गिल्बर्ट व्हाइट हा इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक. १७६८ पासून १७९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो छापील रकान्यांच्या वहीत रोजची हवा, कुठले झाड फुलले, कुठला पक्षी आला आणि कुठला निघून गेला, हे लिहीत राहिला. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन चिमुकले वटवटे पक्षी वेगवेगळ्या जातींचे आहेत, हे त्याने मुख्यतः त्यांच्या आवाजावरून ओळखले. इतर लोक दूरदेशी मोहिमा काढत असताना हा माणूस एकच गाव पुन्हा पुन्हा पाहत होता. आजच्या रहिवासी मंडळांचा खरा पूर्वज मला तोच वाटतो.

मंडळ म्हणून पहिले ठळक नाव येते १८३१ मध्ये. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर डॉ. जॉर्ज जॉन्स्टन आणि त्यांच्या स्नेह्यांनी बर्विकशायर नॅचरॅलिस्ट्स क्लब काढला. वर्षातून काही दिवस एकत्र भटकायचे, दिसले ते लिहायचे आणि छापायचे, एवढाच कार्यक्रम. पुढे ब्रिटनभर अशी भटकी मंडळे निघाली.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या आठ रहिवाशांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांच्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. प्राणिजीवनाविषयीची निरीक्षणे एकमेकांना सांगावीत आणि जमवलेले नमुने दाखवावेत, हा हेतू. नमुना म्हणजे बहुतेक वेळा मारलेला जीव. लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी ओळखण्यासाठी याच संस्थेत नेली. सचिव मिलार्ड यांनी त्यांना भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि तिथून एका आयुष्याची दिशा ठरली. त्या संग्रहांना आज नावे ठेवणे सोपे आहे. पण जातींची ओळख पटली ती त्यांच्यामुळेच.

रक्षणाचा विचार मात्र वेगळ्या दाराने आला, आणि ते दार घराच्या दिवाणखान्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसेच काय, अख्खे पक्षी लावले जात. १८८६ मध्ये पक्षी अभ्यासक फ्रँक चॅपमन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून टोप्या मोजत होता. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि त्यांत त्याला ४० जाती ओळखता आल्या. बगळ्यांची नाजूक तुऱ्यासारखी पिसे विणीच्या हंगामातच येतात. म्हणून मारेकरी घरट्यांवरच जात. मोठे पक्षी मरत आणि पिल्ले उपाशी मरत.

याविरुद्ध प्रथम शेजारणी उठल्या. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरी स्त्रियांचे मंडळ सुरू केले. खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचे पीस वापरायचे नाही, असा त्याचा नियम होता. सूट फक्त शहामृगाला. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये एलायझा फिलिप्स यांच्याभोवतीही असाच गट जमला. १८९१ मध्ये दोन्ही एक झाले आणि १९०४ मध्ये त्या संस्थेला राजसनद मिळाली. तीच आजची आरएसपीबी, म्हणजे रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स. इकडे बॉस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि त्यांच्या नात्यातली बहीण (कझिन) मिना हॉल यांनी शहरातल्या प्रतिष्ठित घराण्यांची यादी घेतली, पिसांच्या टोप्या घालणाऱ्या एकेकीच्या नावावर खूण केली आणि त्या बायकांना चहाला बोलावले. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी ही पक्षीरक्षक संस्था उभी राहिली. अमेरिकेत १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले, तर ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांची आयात बंद केली. या सगळ्याची पहिली बैठक कुणाच्या तरी घरात झाली होती, हे मला फार मोलाचे वाटते.

चॅपमननेच १९०० च्या नाताळात आणखी एक रीत बदलली. त्या दिवशी दोन गट पाडून कोण जास्त पशुपक्षी मारतो अशी स्पर्धा लागे. त्याऐवजी पक्षी मोजा, असे त्याने सुचवले. पहिल्या वर्षी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती गणना अजून चालू आहे. पुढे दुर्बिणी सामान्यांच्या हाती आल्या, जिवंत पक्षी दुरून ओळखायला शिकवणारी पुस्तके निघाली आणि ओळख पटवायला बंदूक लागेनाशी झाली.

नजर पुन्हा अंगणाकडे वळली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेच्या नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने १९७३ मध्ये घराभोवतीच्या जागेला 'अधिवास' म्हणून मान्यता देणे सुरू केले. कसोटी होती अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्ले वाढवायला जागा. आधी ती एकेका घरापुरती होती, मग वस्त्याच्या वस्त्या सामील होऊ लागल्या. हा बदल फार महत्त्वाचा आहे. एका घराने देशी झुडपे लावली आणि शेजारच्याने कीटकनाशक फवारले, तर फुलपाखरांच्या अळ्या वाचत नाहीत. विणीच्या दिवसांत फांद्या छाटायच्या नाहीत, साप दिसला तर काठी उचलायची नाही, कोपऱ्यातला पालापाचोळा राहू द्यायचा, हे एकट्याने ठरवून भागत नाही. पक्ष्यांवर प्रेम करणारी मंडळे वटवाघळे आणि गांधीलमाश्या यांच्याबाबत अजून मागे आहेत, हेही खरे.

१९७९ मध्ये आरएसपीबीने मुलांसाठी बागेतल्या पक्ष्यांची गणना सुरू केली; पुढे तिच्यात मोठेही आले. तासभर बसायचे, बागेत उतरलेलेच पक्षी धरायचे, आणि एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त जितके दिसतील तोच आकडा लिहायचा, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. या नोंदींत बागेमागे दिसणाऱ्या घरचिमण्यांची संख्या तेव्हापासून निम्म्याहून खाली आली आहे. चिमण्या कमी झाल्यासारखे वाटते, असे लोक एरवीही म्हणत होते. आता त्याला घराघरांतून वर्षानुवर्षे लिहिलेला आकडा मिळाला.