रागाला घड्याळ कुणी लावले? शास्त्रीय रिंगटोनची पार्श्वभूमी

राग छोटा करण्याची सुरुवात मोबाइलने केली नाही. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत, आणि मिरजेत राहिलेल्या किराणा घराण्याच्या बुजुर्गांनीही तेवढ्यात ख्याल-ठुमरी बसवून दाखवली. त्या ध्वनिमुद्रिका आजही भरीव वाटतात, कारण काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे गाणाऱ्यानेच ठरवले होते. मोबाइलवर तो अधिकार आधी यंत्राकडे गेला, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराकडे आणि शेवटी दूरसंचार कंपन्यांकडे.

यंत्राचा काळ म्हणजे नोकिया ३३१० आणि त्याच्या भावंडांचा. १९०२ च्या एका स्पॅनिश गिटाररचनेतला छोटासा तुकडा १९९४ पासून नोकियाच्या फोनांवर वाजत होताच. पुढे 'कंपोझर' आला आणि स्वतःची धून टाइप करता येऊ लागली. १ ते ७ या कळा म्हणजे सा ते नी, ८ ने स्वर आखूड होतो, ९ ने लांबतो, ० म्हणजे विश्रांती, * ने सप्तक बदलते आणि # ने स्वर अर्ध्याने चढतो. चढवायची कळ आहे, उतरवायची नाही. त्यामुळे कोमल रिषभ हवा तर १ दाबून #, कोमल गंधाराला २ आणि #, कोमल धैवताला ५ आणि #, कोमल निषादाला ६ आणि #. सरगम पाठ असलेली मुले नेमकी इथे चुकत. ३ दाबून तो उतरवायला जात, आणि ३ वर # चालतच नाही.

मिरज-सांगलीत घरोघरी कुणी ना कुणी संगीताच्या प्रवेशिका-मध्यमाची परीक्षा दिलेले असते, म्हणून इथल्या खोड्याही सुरांच्या. भूप रागाची खोडी उत्तम. मित्राच्या फोनमध्ये १ २ ३ ५ ६ असा भूप साठवलेला असतो. तो चहाला गेला की प्रत्येक ३ नंतर कर्सर नेऊन तो पुसायचा, तिथे २ आणि # दाबायचे, लांबी ८-९ ने पूर्वीसारखी करायची आणि साठवायचे. गंधार कोमल झाला की भूपाचा शिवरंजनी होतो. संध्याकाळी फोन रडवेला वाजतो आणि बिचारा बॅटरी उतरली म्हणून चार्जर शोधतो. एखादा गंधार पुसायचा राहिला, तर मात्र दोन्ही गंधार ऐकू येतात आणि खोडी लगेच पकडली जाते.

या फोनांना मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, नव्हती. एका वेळी एकच स्वर, तोही बारा ठरीव पायऱ्यांपैकी, आणि तारसप्तकाच्या आसपास, कारण एवढासा बझर खालचे स्वर मोठ्याने काढू शकत नाही. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार त्यात बसवण्याचे प्रयत्न झाले. २ आणि २# आलटून-पालटून टाकले की आंदोलन होत नाही, घंटी होते.

एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या पॉलिफोनिक फोनांचा टप्पा लवकर सरला. खरे ध्वनिमुद्रण वाजवणारे फोन आले तशी मोबाइल दुकानांतून 'कार्ड भरून' मिळू लागले आणि कुठे कापायचे हे दुकानदार ठरवू लागला. तो फाईलची पहिली ३० सेकंदे घेई. ख्यालाची पहिली ३० सेकंदे म्हणजे तानपुरा आणि खालचा षड्ज. काळी एक या पट्टीत तो सुमारे १३९ हर्ट्झचा. फोनचा स्पीकर तिथे जवळजवळ मुका असतो, डग्ग्याचाही पत्ता लागत नाही. फोन वाजतोय हेच कळत नसे.

तानपुऱ्याच्या रिंगटोनचा एक उपयोग मात्र झाला, तोही खोडीलाच. जवारीचे, म्हणजे तारांच्या झंकाराचे, वरचे नाद छोट्या स्पीकरमधूनही निघतात. काळी एकचा त्यावरचा षड्ज २७७ हर्ट्झ. ध्वनिमुद्रण किंचित चढवून २८० केले, फोन तानपुऱ्याच्या भोपळ्यामागे ठेवला आणि कुणी तारा मिळवत असताना कॉल लावला, की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. मिळवणारा मणी सरकवत राहतो, जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, काही मिळत नाही. ही खोडी रियाजापुरतीच ठेवावी. मैफलीआधी तारा पुन्हा मिळवायला लागणारी वीस मिनिटे गायकाची असतात.

कॉलर ट्यूनने प्रश्न वाढवला. ती बोलण्यासाठी केलेल्या वाहिनीतून जाते. जुन्या जाळ्यांत ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ३४०० च्या वरचे जवळपास सगळे गळते, आणि सलग तानपुऱ्याला ती यंत्रणा आवाज न समजता गोंगाट समजते, म्हणून सूर आत-बाहेर होतो. दुसऱ्याची ट्यून ऐकताना * दाबली की तीच आपल्याला लागते, या सोयीचीही मस्करी झाली. मित्राच्या फोनवरून * दाबून त्याच्या गळ्यात भैरवी बांधायची, म्हणजे फोन करणाऱ्याला मैफल संपल्यासारखे वाटते. पैसे मात्र मित्राचे कापले जात. २०१३ मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) अशा सेवांना दुहेरी संमती सक्तीची केली, ते योग्यच झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनाची सूचना बहुतेकांच्या ट्यूनच्या जागी येऊन बसली.

खरा वाद मात्र २०१९ चा, आणि त्याकडे संगीताच्या बाजूने कुणी पाहिलेच नाही. फोन किती वेळ वाजावा, हा तो वाद. तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की मिनिटाला ६ पैसे त्या कंपनीला द्यावे लागत. एका कंपनीने रिंग २० सेकंदांवर आणली. फोन उचलायच्या आत बंद पडतो, समोरचा उलट फोन करतो आणि पैसे उलट दिशेने येतात, असा प्रतिस्पर्ध्यांचा आरोप होता. मग ती २५ वर गेली आणि प्रतिस्पर्धीही २५ वर उतरले. न उचललेल्या फोनने जाळे अडते, हा कमी रिंगच्या बाजूचा मुद्दा. नोव्हेंबर २०१९ मध्ये नियामकाने मोबाइलला ३० आणि लँडलाइनला ६० सेकंदे ठरवून दिली. पुढे जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही संपले, म्हणजे भांडणाचे कारण गेले, पण ३० चा आकडा राहिला. वाड्याच्या माडीवरून खाली येणाऱ्या आजींना लँडलाइनसाठी ६० सेकंदे मिळतात. फोन खाली चार्जिंगला असेल तर त्याच आजींना मोबाइलसाठी ३०. ही विभागणी पटण्यासारखी नाही, ४० तरी हवी होती.

संगीताला या आकड्याने काय केले, ते मात्रांत मोजता येते. विलंबित एकतालात मात्रेला ४ सेकंदे धरली, तर बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे. पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायच्या आत फोन बंद. मध्यलय तीनताल मिनिटाला १२० मात्रांचा असेल तर आवर्तन ८ सेकंदांचे, ३० मध्ये तीन पूर्ण होतात. द्रुत २४० चा असेल तर आवर्तन ४ सेकंदांचे, सात आवर्तने २८ सेकंदांत. म्हणून आज शास्त्रीय रिंगटोन म्हटली की द्रुत गत, सतारीचा 'झाला' किंवा तराणाच ऐकू येतो, आणि बडा ख्याल फोनवरून नाहीसा झाला आहे.

कापायचेच असेल तर मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या समेकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यावर, कापावे, समेच्या दोन-तीन मात्रा आधीपासून. तुकड्याची लांबी आवर्तनाच्या पटीत हवी, नाहीतर फोन धून पुन्हा सुरू करताना लय तुटते. बासरी, सारंगी, संतूर, हार्मोनियम छोट्या स्पीकरवर तग धरतात. व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेट कॉलना हा ३० सेकंदांचा नियम लागू नाही. तिथली रिंगटोन वेगळी लावता येते, आणि ज्यांना एकतालाची सम ऐकायचीच आहे त्यांनी लांब तुकडा तिथे लावून पाहावा.