‘दोन पावलां’ची पार्श्वभूमी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की मराठवाड्यातील अनेक शाळांच्या फलकावर सहलीचे पत्रक लागते. पन्हाळा, जोतिबा, गणपतीपुळे यांच्यानंतर त्यात गोव्यातील ‘पॉइंटां’ची जी रांग येते, तिच्यातील एक नाव प्रत्येक पत्रकात निराळ्या तऱ्हेने लिहिलेले असते. कोणी ‘दोना पावला’ लिहितो, कोणी ‘डोना पॉला’, कोणी कोकणी वळणाने ‘दोनापावल’, आणि लातूर-बीडकडील काही खासगी बसवाले तर सरळ ‘दोन पावलं’ असे छापून मोकळे होतात. ठिकाण एकच. पणजीपासून सुमारे सात किलोमीटरवर खडकाळ भूशिराच्या कुशीत एक जेट्टी आहे, तिच्या टोकाला पायऱ्या चढून जाण्याचा निरीक्षणमंच आहे, समोर झुआरी नदीचे रुंद मुख आहे आणि पलीकडच्या काठावर मुरगाव बंदर दिसते. समुद्रात डुंबायला मिळेल या आशेने आलेल्या मुलांची येथे थोडी निराशाच होते, कारण वाळू बेताची आणि खडक फार. हे ठिकाण पाहण्याचे आहे आणि त्याहून अधिक ऐकण्याचे आहे.

ऐकण्याची सुरुवात नावापासून होते आणि घोळही तेथेच सुरू होतो. ‘दोना’ हा पोर्तुगीज भाषेतील आदरार्थी शब्द आहे. प्रतिष्ठित पुरुषाच्या नावामागे ‘दोम’ आणि स्त्रीच्या नावामागे ‘दोना’ लावण्याची त्या समाजात रीत होती. आपल्याकडील ‘बाईसाहेब’ किंवा जुन्या घरांतील ‘मासाहेब’ या शब्दांत जो मान आहे, साधारण तोच त्यात आहे. ‘पाउला’ हे त्या स्त्रीचे नाव. म्हणजे ‘दोना पावला’ याचा सरळ अर्थ ‘पाउलाबाई’ एवढाच होतो. मात्र मराठी कानाला ‘दोना’ची ‘दोन’ ही संख्या करायला आणि ‘पावला’त पाऊल ऐकायला काही प्रयत्न करावा लागत नाही, आणि कोकणीतही ‘पावल’ म्हणजे पाऊलच असल्याने गोव्यात पोहोचल्यावरसुद्धा हा गैरसमज दूर होण्याऐवजी पक्का होतो. मराठवाड्यातील माणसाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. पैठणच्या नाथांपासून माहूरच्या दत्तशिखरापर्यंत पादुकांना माथा टेकवत वाढलेल्या माणसाला खडकात उमटलेल्या पावलांची कल्पना परकी वाटत नाही. कोणीतरी दैवी व्यक्ती येथून चालत समुद्रात गेली असेल, असे तो न विचारताच गृहीत धरतो.

प्रस्तुत लेखक नव्वदच्या दशकात एस.टी.च्या प्रासंगिक करारावरील गाडीने तेथे गेला, तेव्हा सातवीतील एक मुलगा जेट्टीजवळच्या तांबड्या जांभ्या दगडावर उकिडवा बसून हाताने वाळू बाजूला सारीत होता. “सर, दोन पावलं कुठं हायती?” असे त्याने विचारले, तेव्हा त्याला उत्तर देण्याऐवजी सरांनी निरीक्षणमंचाच्या दिशेने हात केला. काळ्या पाषाणाच्या प्रदेशातून आलेल्या त्या पोराला तांबडा, भोके पडलेला दगडच मुळात नवा होता, त्यामुळे त्यात पावले उमटणे त्याला अशक्य वाटले नसावे.

या गैरसमजाला हसण्याचा अधिकार मराठवाड्याला तरी फारसा नाही. वेरूळच्या अकराव्या क्रमांकाच्या लेण्याला आजही ‘दोन ताल’ म्हणतात. तळमजला मातीने बुजलेला असल्यामुळे ते दुमजली समजले गेले होते. १८७६ मध्ये तो मजला उघडा झाला आणि लेणे तिमजली असल्याचे स्पष्ट झाले, तरी नाव ‘दोन ताल’च राहिले. एकोणतिसाव्या लेण्याला ‘सीतेची न्हाणी’ म्हणतात आणि चौदाव्याला ‘रावण की खाई’. या नावांचा लेण्यांच्या निर्मितीशी काही संबंध नाही, परंतु ती नावे काढून टाकण्याची मागणी कोणी करीत नाही. तरीही एक फरक लक्षात घेतला पाहिजे. वेरूळची नावे लोकांनी स्वतः ठेवलेली आहेत, उलट दोना पावला हे एका खऱ्या, नाव-घराणे असलेल्या स्त्रीचे नाव आहे, आणि ते ‘दोन पावलं’ करून टाकले की ती स्त्रीच पुसली जाते. म्हणून ‘दोना पावला’ हेच रूप मराठीत चालवावे, ‘डोना पॉला’ हे इंग्रजीतून उसने आणलेले रूप तर नकोच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याला कोकणीचे अभिमानी आक्षेप घेतील, आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून मराठी व कोकणी यांच्यात जे काही होत आले आहे ते पाहता तो आक्षेप अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. गावाचे जुने नाव ‘ओडावेल’ असे सांगितले जाते. ते आता ऐकूही येत नाही.

आता ती बाई कोण, याकडे वळू. सहलीत सांगितली जाणारी कथा अशी, की व्हाइसरॉयची मुलगी पाउला हिचे गास्पार दियास नावाच्या एका मच्छीमारावर प्रेम बसले, घरच्यांनी लग्नाला नकार दिला आणि तिने या कड्यावरून समुद्रात उडी घेतली. दुसऱ्या एका कथेत ती चांदण्या रात्री केवळ मोत्यांचा हार घालून पाण्यातून वर येते. तिसरी कथा अगदीच साधी आहे. तिच्यानुसार पाउला ही गावकऱ्यांना मदत करणारी परोपकारी बाई होती आणि तिच्या आठवणीसाठी लोकांनी गावाला तिचे नाव दिले. सहलीच्या बसमध्ये ही तिसरी कथा सांगितली जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या कथेतील जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. व्हाइसरॉय हा गोव्यात बसणारा, संपूर्ण पोर्तुगीज पूर्वेचा सर्वोच्च अधिकारी होता. पाउलाच्या वडिलांचा संबंध मात्र जाफन्याशी, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर टोकावरील त्या राज्याशी होता, जे पोर्तुगिजांनी १६१९ मध्ये ताब्यात घेतले आणि १६५८ मध्ये डचांना गमावले. तेथील प्रमुख हा कप्तान दर्जाचा अधिकारी असे, व्हाइसरॉय नव्हे. सांगणाऱ्यांनी त्याला बढती देऊन टाकली. पाउला अविवाहितही नव्हती. ती सौतो मायोर घराण्यात दिलेली होती आणि १६८२ मध्ये वारली. तिची स्मृतिशिला दोना पावलाजवळच्या काबो नावाच्या भूशिरावरील चॅपेलमध्ये, गोव्याच्या बोलीत सांगायचे तर कपेलात, असल्याचे सांगितले जाते. त्या काळी आत्महत्या केलेल्या माणसाला चर्चच्या पवित्र भूमीत पुरण्यास धर्मनियमाने मनाई होती, हे एकदा ध्यानात घेतले की कड्यावरची उडी आणि कपेलातील शिला या दोन गोष्टी एकाच स्त्रीच्या आयुष्यात बसवणे फार कठीण होऊन बसते.

सर्वांत गमतीचा भाग प्रियकराचा आहे. पणजीहून दोना पावलाला जाताना वाटेत मिरामारचा किनारा लागतो. ‘मिरामार’ हे नाव रूढ होण्यापूर्वी त्या पट्ट्याला ‘गास्पार दियास’ म्हणत, कारण त्या नावाच्या जमीनमालकाच्या जागेत मांडवीच्या मुखावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक किल्ला बांधला गेला होता. तो किल्ला १८३५ च्या लष्करी उठावात उद्ध्वस्त झाला आणि आज त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणजे कथेतील नायिका हे एका गावाचे नाव आहे आणि नायक हे त्याच रस्त्यावरील, चारेक किलोमीटर अलीकडच्या दुसऱ्या किनाऱ्याचे. शेजारशेजारच्या दोन जागांची लोकांनी सोयरीक जुळवली आणि ती घरच्यांनीच मोडली, असे म्हणता येईल. जमीनदाराचा मच्छीमार करण्याची कल्पकता कोणाची, हे कळण्याला मार्ग नाही, पण श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा हा साचा ज्याला ठाऊक होता अशा कोणाची तरी ती आहे.

काबो भूशिराचा स्वतंत्र इतिहास येथे थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. मांडवी आणि झुआरी यांच्या मुखांना एकमेकींपासून अलग करणारे हे टेकाड आधी फ्रान्सिस्कन संन्याशांकडे होते. युरोपातील नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तेथे काही वर्षे इंग्रजांचे सैन्य मुक्कामाला होते आणि त्यांचे भिंतबंद कब्रस्तान दोना पावलात अजून आहे. पुढे ते टेकाड पोर्तुगीज गव्हर्नरांचे आणि मुक्तीनंतर राज्यप्रमुखांचे निवासस्थान झाले.

मराठवाड्याच्या दृष्टीने हे ठिकाण नकाशावर आले ते फार उशिरा. आपण निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालो, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी. मधली तेरा वर्षे, आणि विशेषतः १९५५ च्या सत्याग्रहानंतर, गोव्याची हद्द आपल्याकडच्या सामान्य प्रवाशाला बंदच होती. त्याआधीच्या पिढ्यांचा प्रवास पंढरपूर, तुळजापूर, माहूर आणि फार तर तिरुपती एवढाच होता. समुद्र हा त्या प्रवासाचा विषयच नव्हता. समुद्र दाखवायला मुलांना न्यावे ही कल्पना शाळांमध्ये मुक्तीनंतर रुजली, आणि दोना पावलाचे नाव घराघरांत पोहोचवण्याचे काम शाळांनीही केले नाही, ते सिनेमाने केले.

१९८१ मध्ये एक हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तमिळ मुलगा आणि हिंदी भाषक मुलगी यांच्या प्रेमाची ही शोकांतिका होती, तिच्या शेवटी दोघे कड्यावरून उडी घेतात, आणि तिचे काही चित्रीकरण दोना पावलाला झाले. मराठवाड्यात हा चित्रपट गावोगावच्या टॉकीजमधून आणि पुढे व्हिडिओवर पाहिला गेला. त्यानंतर सहलीत सांगितली जाणारी कथा ऐकली तर तीनशे वर्षांपूर्वीची पाउला आणि पडद्यावरील नायिका यांत भेद उरलेला नाही, असे स्पष्ट जाणवते. उडीचे ठिकाण म्हणून हा कडा मराठी प्रवाशाच्या मनात रुजला तो सतराव्या शतकातून आलेला नसून १९८१ मधून आलेला आहे, असे म्हणण्यास जागा आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी ६ डिसेंबरला अंटार्क्टिकाकडे जाणारी पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली. समुद्रविज्ञानाची जी राष्ट्रीय संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, तिचे मुख्यालय दोना पावलातच, जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. शैक्षणिक म्हणवणाऱ्या किती सहली तेथे थांबतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

निरीक्षणमंचाजवळील दोन पांढऱ्या मूर्तींचीही हीच गत झाली. एका जर्मन शिल्पकार स्त्रीने घडवलेले आणि १९६९ मध्ये तेथे आलेले ते शिल्प भारताची प्रतिमा म्हणून केलेले आहे. एक आकृती भारतमातेची, दुसरी तरुण भारताची, आणि त्या पूर्व-पश्चिमेकडे तोंड करून आहेत. परंतु आकृत्या दोन आहेत, जागा कड्याची आहे आणि नावात ‘दोन’ ऐकू येते. त्यामुळे बहुतेक प्रवासी त्यांना पाउला आणि गास्पारच समजतात व त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. नवविवाहित जोडप्यांची तर तेथे रांग लागते.

अलीकडच्या काळात वादाचा विषय ठरला तो जेट्टीचा. ती जुनी व असुरक्षित झाल्याने काही वर्षे बंद ठेवण्यात आली. दुरुस्तीनंतर ती खुली झाली तेव्हा आत जाण्यासाठी प्रवेशशुल्क द्यावे लागू लागले आणि टोप्या, शंख-शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्यांची जागाही बदलली. देखभालीला पैसा लागतो हे मान्य करूनही, उघड्या समुद्राकडे पाहण्याचे तिकीट ही गोष्ट लातूर-परभणीकडच्या माणसाला खटकते. पंचेचाळीस मुलांचा हिशेब वहीत मांडणारे गुरुजी मग “खालूनच बघून घ्या” असे म्हणतात आणि मुले खडकांवरून जेवढे दिसेल तेवढे पाहून घेतात.

येथे पोहोचण्याचा मार्ग अजूनही सोलापूर, कोल्हापूर आणि आंबोली घाटाचाच, म्हणजे रात्रभराच्या प्रवासाचा आहे. १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा मराठवाड्याला थेट उपयोग झाला नाही. पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा जो शक्तिपीठ महामार्ग आखण्यात आला, तो मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांतून जाणार असल्याने सहलीवाल्यांना त्याची ओढ आहे आणि ज्यांच्या जमिनी त्यात जाणार त्या शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे. तूर्त तरी प्रासंगिक कराराची गाडी पहाटे आंबोलीत चहाला थांबते, दुपारी जेट्टीजवळच्या वाहनतळात लागते आणि तासाभरात मिरामारकडे वळते. पाउलाची शिला ज्या कपेलात सांगितली जाते ते काबोच्या त्याच टेकाडावर राज्यप्रमुखांच्या आवारात आहे, आणि तेथे जायला आधी परवानगी काढावी लागते.