मोटर फिरतेय, मग पाणी कुठे अडलं?

सौरपंपाची एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी नऊ वाजता कंट्रोलरवर आकडे हलतात, बोअरमधून मोटरची घरघर येते, पण पाइपाच्या तोंडाशी थेंब नाही. मग पंप बिघडला असं ठरवून तो वर काढायची घाई होते. बऱ्याचदा पंप ठणठणीत असतो.

सौरपंपाचा वेग उन्हाबरोबर कमी-जास्त होतो आणि खरी गोम इथेच आहे. पाणी किती उंच चढेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं, शक्ती किती लागेल हे घनावर. वेग 80 टक्क्यांवर आला, तर शक्ती साधारण निम्मी पुरते, पण उंची 64 टक्केच मिळते. म्हणजे भर उन्हात जास्तीत जास्त 100 मीटर चढवणारा पंप निम्म्या उन्हात 64 मीटरवर दमतो. पाणी 70 मीटर चढवायचं असेल, तर ते सहा मीटर खालीच पाइपात ताटकळतं. थोडंही बाहेर येत नाही. मोटर मात्र तेच पाणी घुसळत, तापवत बसते.

म्हणून बसवताना बोअर किती खोल आहे ते विचारून भागत नाही. ऐन टंचाईत, उपसा चालू असताना पातळी कुठवर उतरते ते मोजावं लागतं. ठिबकला एक बार दाब हवा असेल, तर त्यात आणखी दहा मीटर धरायचे.

सावलीचंही तसंच. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एका सेलवर खांबाची सावली पडली, की त्या रांगेचा सगळा प्रवाह अडतो. पॅनेलमधला बायपास डायोड त्या रांगेला वळसा घालून प्रवाहाला वाट काढून देतो, पण त्या पॅनेलचा साधारण तिसरा हिस्सा गमावून.

तपासणीत मल्टिमीटर फसवतो. धुळीने माखलेलं पॅनेलही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतं. पडतो तो प्रवाह. त्यासाठी डीसी, म्हणजे पॅनेलमधून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. पॅनेलच्या तारा जोडणारे कनेक्टर बारकाईने पाहा. वेगवेगळ्या बनावटीचे दोन कनेक्टर टचकन बसतात खरे, पण आतला स्पर्श कच्चा राहतो आणि प्लॅस्टिक तपकिरी पडू लागतं. पंप चालू असताना कनेक्टर ओढून पाहायचा मोह नको! एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही, ठिणगी पेटतीच राहते. आधी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, बंद.

माझ्या मते सगळ्यात कामाचं उपकरण म्हणजे वही. निरभ्र दिवशी पाणी किती वाजता सुरू झालं, एवढंच लिहायचं. आठवड्याभरात ती वेळ वीस मिनिटांनी पुढे सरकली, तर पहाटे काचा थंड असताना पॅनेल धुवा. दुसऱ्या दिवशी वेळ जुन्या जागी आली, तर दोष धुळीचा. नाही आली, तर पाण्याची पातळी उतरलीय का ते पाहायला बोअरमध्ये टेप सोडा.