हिप्पोचे ऑगस्टीन वेगळे, कँटरबरीचे वेगळे

जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर जांभ्याचा जो उंच मनोरा उरला आहे, त्याचा फोटो कुणी टाकला की खाली हमखास माहिती येते: इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म नेणाऱ्या संत ऑगस्टीन यांच्या नावाचा हा मनोरा. 2025च्या मे महिन्यात चौदावे लिओ पोप झाले आणि आपण ऑगस्टीनियन, म्हणजे संत ऑगस्टीन यांच्या नावाच्या संन्यासी संघातले असल्याचं त्यांनी पहिल्याच भाषणात सांगितलं, तेव्हा त्यांचंही नातं काहींनी थेट इंग्लंडमधल्या कँटरबरीशी जोडून टाकलं. दोन्ही चूक आहे. मनोऱ्याचे आणि पोपचे ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे. इंग्लंडला गेलेले, कँटरबरीचे म्हणून ओळखले जाणारे ऑगस्टीन हे निराळे गृहस्थ, आणि ते तिथल्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा आफ्रिकेतल्या ऑगस्टीन यांना जाऊन 167 वर्षं झाली होती.

हिप्पोचे ऑगस्टीन बहुतेकांना माहीत असतात, म्हणून त्यांचं थोडक्यात. जन्म 354 साली, थागास्ते गावी, आजच्या अल्जीरियात. आई मोनिका. तरुणपणीची भटकंती, मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांच्या हातून 387 साली बाप्तिस्मा, मग हिप्पोचं बिशपपद आणि ग्रंथांचा डोंगर. 430 साली व्हँडल नावाच्या जर्मानिक टोळ्यांचा शहराला वेढा पडलेला असताना मृत्यू.

कँटरबरीच्या ऑगस्टीन यांच्याबद्दल मात्र ‘597, इंग्लंड’ एवढंच डोक्यात असतं, आणि उरलेली रिकामी जागा लोक हिप्पोच्या चरित्राने भरतात. मग मिशनरी ऑगस्टीन यांच्या तोंडी ‘देवा, तुझ्यात विसावेपर्यंत आमचं मन अस्वस्थ असतं’ हे हिप्पोच्या ऑगस्टीन यांचं प्रसिद्ध वाक्य येतं, त्यांच्या मागे रडणारी आई येते, तारुण्यातला पश्चात्तापही येतो. यातलं काहीही त्यांचं नाही. त्यांचं बालपण, आईवडील, धर्माकडे वळण्याची कथा, काहीच नोंदलेलं नाही. इतिहासात ते येतात तेच मुळी एका मठाचे उपप्रमुख म्हणून. तो मठ रोमच्या चेलियो टेकडीवरचा, संत अँड्र्यू यांच्या नावाचा; पोप पहिले ग्रेगरी यांनी पोप होण्याआधी आपल्या वडिलोपार्जित घरातच तो काढला होता.

सगळी गफलत ज्यातून होते तो फरक हा: हिप्पोच्या ऑगस्टीन यांनी लिहिलं, कँटरबरीच्या ऑगस्टीन यांना पत्रं आली. पहिल्यांचा आवाज हजारो पानांतून ऐकू येतो. दुसऱ्यांचं एकही प्रवचन नाही, एकही ग्रंथ नाही. ते कळतात ते ग्रेगरी यांच्या पत्रांतून, आणि बीड या इंग्लिश मठवाशाने 731 साली पूर्ण केलेल्या इंग्लिश लोकांच्या चर्चच्या इतिहासातून. तेव्हा ‘संत ऑगस्टीन म्हणतात’ अशी सुरुवात करून कुणी एखादा सुविचार पाठवला, तर तो कँटरबरीचा नसतो. तो हिप्पोचा तरी असतो किंवा कुणाचाच नसतो.

बीडच्या इतिहासात कँटरबरीच्या ऑगस्टीन यांचे काही प्रश्न तेवढे आहेत, ग्रेगरींना विचारलेले. चर्चमधल्या वस्तू चोरणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं तर चालेल का? रोमची उपासना एका तऱ्हेची आणि गॉलची (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सची) दुसऱ्या तऱ्हेची, मग इथे कोणती चालवावी? हे विचारवंताचे प्रश्न नव्हेत. परक्या मुलखात पडलेल्या, रोज कुणी ना कुणी दारात येऊन उभं राहत असलेल्या कारभाऱ्याचे प्रश्न आहेत, आणि मला ते फार मोलाचे वाटतात. उपासनेच्या प्रश्नाला ग्रेगरींनी दिलेलं उत्तर सुंदर आहे: ज्या चर्चमध्ये जे चांगलं दिसेल ते निवडून घे आणि इंग्लिश लोकांना दे. पण ते उत्तर ग्रेगरींचं आहे. ‘देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच वेदी उभारा’ हा सल्लाही ऑगस्टीन यांचं उदार धोरण म्हणून सर्रास सांगितला जातो. तोही ग्रेगरींचा, 601 सालचा, आणि मलिटस नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रातला. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी केंटच्या, म्हणजे कँटरबरी ज्यात होतं त्या राज्याच्या राजाला लिहिलेल्या पत्रात याच ग्रेगरींनी देवळं पाडायला सांगितलं होतं. विचार बदलला तो रोममध्ये बसलेल्या पोपचा.

मग ऑगस्टीन यांचं स्वतःचं काय? ते गेले, हे त्यांचं. 596 साली रोमहून निघालेली ही मंडळी गॉलमध्येच घाबरली. ज्यांची भाषाही येत नाही अशा रानटी लोकांत कशाला जायचं, असं ठरवून त्यांनी ऑगस्टीन यांनाच परत रोमला पाठवलं, ही कामगिरी रद्द करा म्हणून विनवायला. ग्रेगरींनी ऐकलं नाही. धीराचं पत्र हातात दिलं, ऑगस्टीन यांना मठाधिपती केलं आणि बाकीच्यांनी त्यांचं ऐकायचं असं बजावलं. पुढच्या वर्षी सुमारे 40 माणसं केंटच्या थॅनेट बेटावर उतरली. तिथला राजा एथेलबर्ट त्यांना भेटला तो उघड्यावर. घराच्या छपराखाली हे लोक जादूटोणा करतील अशी त्याला भीती होती. चांदीचा क्रूस आणि फळीवर रंगवलेलं ख्रिस्ताचं चित्र पुढे धरून, प्रार्थना गात मंडळी आली. राजाची राणी बर्था, गॉलमधल्या फ्रँक लोकांतली, आधीपासूनच ख्रिस्ती होती आणि कँटरबरीच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये प्रार्थना करत असे. ते चर्च आजही चालू आहे. त्या वर्षीच्या नाताळात 10,000हून अधिक लोकांचा बाप्तिस्मा झाल्याचं ग्रेगरींनी अलेक्झांड्रियाच्या धर्मप्रमुखांना कळवलं. आकडा फुगलेला असू शकेल, पण पत्र खरं आहे.

त्यांचं अपयशही त्यांचंच. ब्रिटनमध्ये जुने ख्रिस्ती होतेच, पश्चिमेकडचे ब्रिटन लोक. ईस्टरची तारीख आणि बाप्तिस्म्याचा विधी यांवरून त्यांचं रोमशी जमत नव्हतं. ऑगस्टीन यांच्याशी दुसऱ्या भेटीला येण्यापूर्वी या ब्रिटन लोकांच्या बिशपांनी एका संन्याशाला विचारलं, या माणसाचं ऐकावं का? संन्यासी म्हणाला, तुम्ही पोचाल तेव्हा तो उठून उभा राहिला तर नम्र समजा आणि ऐका. ते पोचले. ऑगस्टीन बसूनच राहिले. बोलणी तिथेच फिसकटली. बीडला ऑगस्टीन यांच्याबद्दल अपार आदर होता, तरी त्याने हा प्रसंग गाळला नाही. संतचरित्रं गुळगुळीत करून सांगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. चमत्कारांमुळे मनात गर्व येऊ देऊ नकोस, असं ग्रेगरींनीही त्यांना पत्रातून बजावलं होतं.

आता ‘ऑगस्टीनियन’ या शब्दाचा हिशेब. हिप्पोच्या ऑगस्टीन यांनी एकत्र राहणाऱ्या धर्मबंधूंसाठी नियम घालून दिला. तो मानणाऱ्या संन्याशांचे गट 1256 साली पोप चौथे अलेक्झांडर यांनी एकत्र आणले आणि ऑगस्टीनियन संघ उभा राहिला. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर त्याच संघातले. 1572 साली गोव्यात आले तेही तेच. मोंते सांतोवरच्या त्यांच्या मठाचं चर्च कृपेच्या मातेचं होतं; लोक संघावरून त्याला सेंट ऑगस्टीन म्हणू लागले. तरीही शंका असेल तर समोरच पाहा: 1606 साली स्थापन झालेला जोगिणींचा मठ सांता मोनिकाचा आहे, म्हणजे हिप्पोच्या ऑगस्टीन यांच्या आईचा.

कँटरबरीतल्या ‘सेंट ऑगस्टीन्स ॲबी’त मात्र ऑगस्टीनियन कधीच नव्हते. ते बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्ट यांचा नियम पाळणाऱ्या मठवाशांचं ठिकाण. मठ मुळात पीटर आणि पॉल यांना वाहिलेला. ऑगस्टीन यांचं नाव 978 साली जोडलं गेलं, कारण ते तिथे पुरलेले होते. पर्यटनाच्या लेखांत याला ‘ऑगस्टीनियन मठ’ म्हटलेलं दिसलं की मी पुढचा मजकूर वाचत नाही.

दोघांनाही पोपने रीतसर प्रक्रिया करून संत ठरवलेलं नाही; ती पद्धतच नंतरची. कँटरबरीच्या ऑगस्टीन यांचा सण पाळावा आणि प्रार्थनामालिकेत त्यांचं नाव ग्रेगरींच्या पाठोपाठ घ्यावं, असं 747 साली इंग्लंडमध्ये क्लोव्हेशो इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं. पुन्हा ग्रेगरींच्या मागेच, आणि ती जागा मला योग्य वाटते. 1091 साली त्यांचे अवशेष मोठ्या सोहळ्याने नव्या चर्चमध्ये हलवले. 1538 साली इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि समाधीही गेली. हिप्पोच्या ऑगस्टीन यांचे अवशेष इटलीत पाविया इथे आहेत.

बारीकसारीक खुणा: सण 28 ऑगस्टला असेल तर हिप्पोचा, 27 मेला असेल तर कँटरबरीचा, अँग्लिकनांकडे (चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथात) 26 मे. चित्रात हातात जळतं हृदय असेल तर हिप्पो. बिशपची टोपी आणि दंड दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका.

कँटरबरी कॅथेड्रलमधली ‘संत ऑगस्टीन यांची खुर्ची’ हिप्पोची नाही, हे उघडच आहे, पण ती कँटरबरीच्या ऑगस्टीन यांचीही नाही. ती संगमरवरी खुर्ची 13व्या शतकातली समजतात. त्यांच्या मोहिमेजवळ जायचं तर केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात ठेवलेली शुभवर्तमानाची पोथी बघावी. ती 6व्या शतकात इटलीत लिहिलेली आहे आणि याच मोहिमेबरोबर इंग्लंडला आली असं परंपरा सांगते. एका पानावर शुभवर्तमान लिहिणारा लूक बसलेला आहे, दुसऱ्यावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे 12 छोटे चौकोन आहेत. 2023 साली तिसऱ्या चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला हीच पोथी वेस्टमिन्स्टर ॲबीत नेली होती.